खात्री करून घ्यायची होती

मधमाशीला लाल रंग दिसत नाही. आधार: कीटककोश.

दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. आधार: सुतारकामाची जुनी पुस्तिका.

शाईचा डाग दुधाने निघतो. ताजा असला तर.

हरवलेला माणूस सात वर्षांनी मेला असं धरतात. त्यानंतर तो दारात येऊन उभा राहिला तर काय धरतात, हे कुणी विचारलं नव्हतं.

टेपवर आपलाच आवाज परका का वाटतो? एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो म्हणून. आधार: शरीरशास्त्र, दुसरा खंड.

कोकिळेचं पिल्लू वाढवणाऱ्या कावळिणीला ते आपलं नाही हे कळतं का? कळत असावं. खात्रीलायक आधार सापडला नाही.

ही सगळी उत्तरं एकाच आठवड्यातली आहेत. ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर, वाचनालयाच्या दालनापलीकडे, आमचा संदर्भ विभाग. दोन टेबलं एकमेकांना चिकटवून ठेवलेली, मध्ये एक फोन. फोन वाजतो, कुणीतरी काहीतरी विचारतं, आणि आम्ही उठून कपाटांकडे जातो. कुणाला शब्दकोड्यातली नदी हवी असते. कुणाला आपल्या लग्नाच्या रात्री चांदणं होतं की नव्हतं, ते हवं असतं. बायको नव्हतं म्हणते. आम्ही पंचांग काढतो आणि एका घरात भांडण लावतो किंवा मिटवतो.

डावीकडचं टेबल ताईंचं. त्या माझ्या आधीपासून तिथे होत्या, आणि वरचे साहेब सोडले तर सगळं ग्रंथालय त्यांना ताईच म्हणायचं. काम मला त्यांनीच शिकवलं. तीन गोष्टी शिकवल्या. आधार सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. चुकीची माहिती कानावर आली तर ती तशीच जाऊ द्यायची नाही, लगेच दुरुस्त करायची. आणि 'का' विचारायचं नाही.

"डॉक्टर दुखणं विचारतो, वकील भानगड विचारतो," त्या संत्रं सोलता सोलता म्हणायच्या. "आपण काहीच विचारत नाही. म्हणून लोक आपल्याला सगळं सांगतात."

मीही त्यांना सगळं सांगायचे. आईचे गुडघे, आईचं शिवणकाम, आमची रोजची कुरबुर. आई म्हणायची, तुला लोकांच्या प्रश्नांना वेळ आहे, माझ्या नाही. ते खरंच होतं. दिवसभर उत्तरं देऊन घरी गेल्यावर मला कुणाचं तोंड बघवत नसे. मी ताट वाढून घ्यायचे आणि भिंतीकडे बघत जेवायचे. आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं ताईंना सांगायचे. घरातला विस्तव ताईंजवळ नेऊन विझवायची सवयच लागली होती मला.

त्यांच्या घराबद्दल मला काही माहीत नव्हतं. संध्याकाळी दिवे मालवायला रखवालदार यायचा, तरी ताई बसलेल्याच.

"ताई, घरी नाही जायचं?"

"मला कसली घाई? घरी मी आहेच."

हा त्यांचा नेहमीचा विनोद. रखवालदार दर वेळी हसायचा. मीही हसायचे.

*

तो फोन दुपारी यायचा, ताई जेवायला खाली गेल्या की.

बाईचा आवाज. ना तरुण ना म्हातारा. सुरुवातीचे प्रश्न साधे होते. दाराच्या बिजागरीला कुठलं तेल घालतात. माणूस चालताना आधी टाच टेकवतो की चवडा. मी आधार बघून सांगितलं. ती "आभारी आहे" म्हणायची आणि क्षणभर थांबून फोन ठेवायची. जणू ते दोन शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून बघत असावी.

मग एके दिवशी तिने विचारलं नाही, सांगितलं.

"एक खात्री करून घ्यायची होती. छापखान्यामागच्या गल्लीत, शेवटच्या घराला हिरवं दार आहे. ते बाहेरच्या बाजूला उघडतं."

"आत उघडतं," मी म्हणाले.

"आभारी आहे."

रिसीव्हर खाली ठेवल्यावर माझ्या हाताला समजलं, मग मला. ते आमचं घर.

मी स्वतःची समजूत घातली. गल्लीत घर बघायला आलं असेल कुणी. पण मला बोचत होतं ते वेगळंच. मी कपाटापर्यंत गेले नव्हते. आधार सांगितला नव्हता. चूक ऐकली आणि तोंडातून दुरुस्ती निघाली. शिंक यावी तशी.

पुढच्या फोनला मी सावध होते. काही उपयोग झाला नाही.

"शिवणाचं मशीन खिडकीपाशी आहे."

"खिडकीपाशी ऊन येतं. आतल्या भिंतीला आहे."

"तुमची आई चहात साखर घेत नाही."

"घेते. लपवून घेते."

दर वेळी मी ओठ आवळून धरायचे आणि दर वेळी चूक इतकी उघडीनागडी असायची की राहवायचं नाही. शिंपी दुसऱ्याच्या अंगावरची उसवलेली शिवण बघतो ना, तसं व्हायचं. ती थांबून राहायची. मीच बोलायचे.

खालच्या मजल्यावर टेलिफोन जोडून देणारी मुलगी बसायची. एकदा जिन्यात भेटली.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही बाहेर जाऊन आपल्याच विभागाला फोन का करता? ताई काम करतायत की नाही ते बघता होय?"

"मी कुठे फोन केला?"

"आता मला तुमचा आवाज कळणार नाही?" ती हसली. "आज दुपारी तर केलात. मीच जोडून दिला."

"तेव्हा तो उचलला कोणी?"

ती हसायची थांबली. काहीतरी आठवल्यासारखं करून खाली गेली.

*

त्या संध्याकाळी घरी आले तर आई गुणगुणत होती. कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मशीनवर कुणाचातरी कोट होता आणि त्याची सगळी बटणं लावून झाली होती.

"एवढी बटणं एका दिवसात?"

"दोघींनी मिळून लावली की." आईने दात लावून दोरा तोडला. "दुपारी अशीच येत जा. बरं वाटतं. बोललीस किती आज."

आईची नजर पहिल्यापासून तीक्ष्ण. सुईत दोरा ओवायला तिला कधी दिव्याजवळ जावं लागलं नाही. मी तिच्यासमोर उभी होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

"काय बोलले मी?"

"घ्या. आता मीच सांगू?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा हळूहळू रोजच्यासारखा झाला. "जेवून घे. ताट झाकून ठेवलंय."

मी जेवले. भिंतीकडे बघत.

*

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी ठरवून बसले होते.

"खात्री करून घ्यायची होती," ती म्हणाली.

"आधी आधार सांगा. तुम्हाला हे सगळं कुठून कळतं?"

रिसीव्हरमधून मागचा आवाज येत होता. खडखड, खडखड, मग थांबून पुन्हा खडखड. शिवणाच्या मशीनच्या पायडलचा आवाज. आमच्या मशीनचा, त्याचा एक खिळा सैल आहे.

"तुमच्या शेजारच्या बाई सांगतात," ती म्हणाली. "पण त्यांनी ऐकलेलं असतं, पाहिलेलं नसतं. म्हणून तुमच्याकडून तपासून घ्यावं लागतं. दोन ठिकाणी तपासल्याशिवाय उत्तर पक्कं होत नाही ना?"

बाजूच्या टेबलावर संत्र्याची सालं होती, एकात एक घालून ठेवलेली.

"आई तुम्हाला चिमणी म्हणते," ती म्हणाली.

आई मला मुंगी म्हणते. लहानपणी मी सारखं काहीतरी उचलून न्यायचे म्हणून. ते ओठांवर आलं. मी ते गिळलं. आणि या खुर्चीत बसून पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं.

"नाही. भिंगरी म्हणते."

"आभारी आहे."

या वेळी ते दोन शब्द तिने अजिबात न थांबता म्हटले. सहज. मी म्हणते तसे.

ताई जेवून वर आल्या. पदराला हात पुसत खुर्चीत बसल्या.

"ताई, तुम्ही माझ्या घरच्या गोष्टी कुणाला सांगता?"

त्यांनी चष्मा काढला, काचा पुसल्या. खोटं बोलायचं नसलं की त्या असंच करत.

"विचारलं, सांगितलं."

"कुणी विचारलं?"

"'कोण' तेही विचारायचं नाही, 'का' तेही विचारायचं नाही. तुला शिकवलंय मी."

"पण मी तुम्हाला विश्वासाने सांगत होते, ताई. पोटातलं सांगत होते."

"हो," ताई म्हणाल्या. "म्हणून तर आधार पक्का होता." मग त्यांनी टेबलाच्या खणातल्या वस्तू पिशवीत भरायला घेतल्या. आरसा. कंगवा. चष्म्याचं घर. "तू घरी जाऊन ये, बाळ. बरं नाहीसं दिसतंय तुला."

बाळ त्या मला कधीच म्हणाल्या नव्हत्या.

*

गल्लीत ऊन होतं. छापखान्याचं यंत्र चालू होतं. सगळं रोजच्यासारखं, फक्त मी या वेळेला कधी इथे नसायचे.

माझी किल्ली कुलपात फिरली, पण दार उघडलं नाही. आतून कडी होती.

मी दार वाजवलं.

"भिंगरी, बघ गं कोण आलंय," आतून आई म्हणाली.

मी हात खाली घेतला.

"तूच बघ ना, माझ्या मांडीवर कोट आहे," आतून कुणीतरी म्हणालं. आवाज मला ओळखीचा वाटला नाही. तो वाटणारही नव्हता.

पावलं आली. आईचीच, एक पाय ओढत. दार साखळीएवढं उघडलं. आत उघडलं.

आईने माझ्याकडे बघितलं. आधी चेहरा, मग हात, मग पायातल्या चपला. घाई न करता, कापड बघावं तसं. तिच्या मागे खिडकीपाशी मशीन दिसत होतं. खिडकीपाशी, उन्हात.

"आई," मी म्हणाले.

तिने एकदा मागे वळून बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?"

"आई, मी मुंगी."

"असं कुणी राहत नाही इथे. चुकीच्या घरी आलात तुम्ही."

दार लोटलं गेलं. मी तिथेच उभी राहिले. क्षणभराने ते पुन्हा फटीएवढं उघडलं आणि आईचा हात बाहेर आला. हातात माझा राखाडी स्वेटर होता. कोपराला तिनेच ठिगळ लावलेलं, ताजं, दोरा अजून कापलेला नाही, फटीतून आत गेलेला.

"संध्याकाळी गार होतं बाहेर," ती म्हणाली.

मग तिने दात लावून दोरा तोडला, आणि दार बंद केलं.

*

मी ग्रंथालयात परत गेले. दुसरीकडे कुठे जायचं सुचलं नाही.

जिन्यात रखवालदार भेटला. त्याने सलाम केला नाही. "वाचनालय डावीकडे," म्हणाला.

विभागात माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. दाराकडे पाठ करून. फोन वाजला, तिने उचलला.

"संदर्भ विभाग. विचारा."

ताई उभ्याच होत्या. खांद्याला पिशवी. खिडकीतून अजून भरपूर उजेड येत होता. इतक्या लवकर त्यांना निघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ताई."

"बसा ना, बाई," त्या म्हणाल्या. मला बसा म्हणाल्या. "त्या फोनवर आहेत. झाला की बघतील तुमचं."

"तुम्ही कुठे निघालात?"

ताई दारापर्यंत गेल्या, थांबल्या. चेहरा असा उजळला होता की त्या मला एकदम तरुण वाटल्या.

"घरी. वाट बघतायत."

त्यांची पावलं जिना उतरून गेली. माझ्या खुर्चीतल्या बाईने रिसीव्हर खांद्यात धरला, मागे न बघता हात लांब करून कपाटातून नेमका खंड काढला, पान काढलं, आधार सांगितला. सगळं बरोबर होतं. दुरुस्त करायला काही नव्हतं.

मी वाचकांच्या बाकावर बसले. स्वेटर अंगात घातला. रखवालदार दिवे मालवायला आला आणि मला म्हणाला, "बाई, घरी नाही जायचं?"

मला घाई नव्हती.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी ताईंनी मला विचारलं होतं, घरी कोण कोण असतं, आणि दार कोण उघडतं. मी दोन्हींची खरी उत्तरं दिली होती.