कुबलांच्या देव्हाऱ्यातला बॅज

उल्का दारात आली तेव्हा वैजयंतीबाई पोहे परतत होत्या. शनिवारची सकाळ, बाहेर नोव्हेंबरचं करडं आभाळ, आणि दारात ही पोरगी डोळे सुजवून उभी.

"वरदाताई आहेत?"

"आहे. आधी बूट काढ. आणि रडायचं ते आत येऊन रड, समोरची बाई पडद्याआडून बघतेय."

वरदा म्हणजे वैजयंतीबाईंची सून. आधी विमा कंपनीत खोटे दावे शोधायची, आता नॉटिंगहॅममध्ये तिचं स्वतःचं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं. सासूचं मत असं, की ही लोकांच्या भानगडी उकरायचे पैसे घेते, आणि आपण तेच काम जन्मभर फुकट करत आलो. बाईंची शाळा चौथीत सुटली होती. तरी मराठी मंडळात भले भले डॉक्टर त्यांच्यासमोर जपून बोलत.

उल्काने पोहे नुसते चिवडले आणि हकिगत सांगितली. ती कॉलेज सांभाळून कुबलांकडे म्हाताऱ्या मुरलीधर आजोबांची देखभाल करायची. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मालवाहू बोटीवर आगवाला होते, बॉयलरमध्ये कोळसा मारायचे. असल्या खलाशांना इंग्रज सरकारने कधी सैनिक म्हटलं नव्हतं. बोट बुडाली की तेही बुडायचे, पण नाव व्हायचं सैन्याचं. आता कुठे त्यांनाही माजी सैनिकांचा मान द्यायचं ठरलं. त्यांचा मुलगा डॉक्टर जयंत याने दोन वर्षं पत्रव्यवहार केला, आणि बुधवारी बॅज घरी आला. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये मेयरच्या हस्ते तो आजोबांच्या कोटाला लावायचा होता.

"देव्हाऱ्यापुढे तबकात, शाल-नारळाशेजारी डबीत ठेवला होता. काल संध्याकाळी डबी उघडली तर रिकामी. जयंतकाका म्हणाले, घरातल्या माणसांशिवाय तूच येतेस. उद्या सकाळपर्यंत आणून दे, नाहीतर पोलिसांत जातो." उल्काने नाक पुसलं. "ताई, चोरीची केस झाली तर माझा व्हिसा गेला. आईने घर गहाण टाकून पाठवलंय मला."

"घेतलास का?" वरदाने विचारलं.

"नाही हो."

"चल मग. आई, तुम्ही येताय?"

"हे काय विचारणं झालं? कुबलांच्या घरची खडान् खडा माहिती मला. तुला तिथे कोणी दारातसुद्धा उभं करायचं नाही माझ्याशिवाय."

गाडीत बाईंनी निकाल देऊन टाकला. "सुनेने लपवलाय. अर्चनाने. डॉक्टरीणबाईंना सासरा खलाशी होता हे चारचौघांत यायला नकोय. माहेरचे वकील ना तिचे."

"बघू," वरदा म्हणाली. तिचं हे 'बघू' बाईंना मुळीच आवडत नसे.

जयंत पासष्टीचा, नुकताच हॉस्पिटलमधून निवृत्त झालेला. दार उघडून तो तसाच उभा राहिला.

"वैजयंतीमावशी, मी तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"मला कोणी बोलावत नाही, जयंत. मीच येते. सरक."

उल्काला पाहून त्याचा चेहरा घट्ट झाला, पण वरदाने त्याला खुर्चीवर बसवलं. "काका, एकच विनंती. पोलिसांआधी मला दुपारपर्यंत वेळ द्या. आजोबांना बॅज गेल्याचं कळलंय?"

"छे. त्यांचं हार्ट बघता मी सांगीन का? बॅज लॉकरमध्ये ठेवलाय असं सांगितलंय." तो हलक्या आवाजात बोलू लागला. "वरदा, ह्या बॅजसाठी मी किती दारं वाजवली माहितेय? बाबांची बोट टॉर्पेडोने फुटली. त्यांचे धाकटे भाऊही त्याच बोटीवर होते, बाबल नावाचे. भंडाऱ्याच्या हाताखाली, म्हणजे स्वयंपाकघरात. ते बुडाले. बाबा एका होडीत बेशुद्ध सापडले. बाबांनी आयुष्यात स्वतःबद्दल चार वाक्यं बोलली नाहीत. म्हणून मला वाटलं, निदान एकदा कोणीतरी त्यांना उभं करून सांगावं, की तुम्ही काहीतरी केलंत."

"बॅज आला तेव्हा खूश झाले?"

"त्यांनी तो हातात घेतला, मागे-पुढे फिरवला आणि 'बरं' म्हणाले."

अर्चना स्वयंपाकघरात उद्याच्या करंज्या भरत होती. तिचे हात थांबले नाहीत. "डबी जागच्या जागी, झाकण लावलेलं. शाल घडी न मोडता तशीच. नारळ मात्र मला दुसरा आणावा लागला, काल सकाळीच. आधीचा उल्काने चटणीला फोडला असणार."

"मी नाही फोडला, काकू. गुरुवारी तर मी आलेच नव्हते, माझी परीक्षा होती."

"मग काय नारळ चालत गेला? गुरुवारी मला आधीच ताप, हे हॉलच्या कामाला गेलेले. बाबांची पँट गुडघ्यापर्यंत ओलीचिंब. म्हणे बागेतला नळ उडाला. नोव्हेंबरात बागेत कोण पाणी घालतं?"

वैजयंतीबाईंनी वरदाकडे डोळे मोठे करून पाहिलं. बघ, कशी विषय बदलतेय. वरदाने मात्र तिथेच एक करंजी उचलून तोंडात टाकली आणि म्हणाली, "छान झाल्यात."

म्हातारा मागच्या खोलीत खिडकीशी बसला होता. उंच, वाळलेला, दाढी घोटलेली. समोर भिंतीवर बायकोचा फोटो, त्याला ताजं शेवंतीचं फूल. वरदा आत आली तेव्हा तो फोटोपुढे वाकून, चौकटीच्या खालच्या कडेला हात लावून, तो हात कपाळाला लावत होता.

"जिवंतपणी बायकोशी धड बोलले नाहीत, आता पाया पडतायत," वैजयंतीबाई वरदाच्या कानात पुटपुटल्या. पुटपुटणं त्यांना कधी नीट जमलं नाही.

म्हाताऱ्याला ऐकू गेलं असावं. तो रागावला नाही. "बसा बाय," म्हणाला.

वरदाने बॅजचं नावही काढलं नाही. "आजोबा, बोटीवर खाली बॉयलरपाशी कसं असायचं हो? फार उकडायचं?"

त्याने जरा विचार केला. "आगवाले पाळी संपवून वर यायचे तेव्हा डोळ्यांचं पांढरं तेवढं दिसायचं. अंगात नुसता बनियन. त्यांना घोटभर ओटचं पीठ पाण्यात कालवून द्यायचं, नाहीतर पोटात गोळे यायचे. साधं पाणी दिलं की खाली कोसळायचे. वाऱ्याचा दिवस असला की गॅलीत चुलीवरची भांडी धरून ठेवायला लागायची. तांदूळ निम्मा शिजायचा, निम्मा सांडायचा."

"आणि खाली?"

"खाली..." तो खिडकीबाहेर पाहू लागला. "खाली आग होती."

घराबाहेर पडल्यावर वैजयंतीबाईंना धीर धरवेना. "आता पटलं ना? अर्चनाच. बघ कशी पँटचं पुराण सांगत बसली."

"आई, तुमचा आजोबांवर एवढा राग का?"

"का म्हणजे? आठ वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. मी न्हाऊ घातलं तिला ह्या हातांनी. सवाष्ण गेली, नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची. मी माझ्या कपाटातलं हिरवं नऊवारी घेऊन गेले, ओटी भरायला तांदूळ, खण, सगळं. हा दारात उभा राहिला आणि म्हणतो, पांढरं नेसवा. मेलीला कुंकूही लावू दिलं नाही. आठ वर्षं मी त्याच्या घरी पाणी प्यायलेले नाही."

वरदा थबकली. "आजी कशा होत्या?"

"गरीब गाय. जराशी वेंधळी. कधीही जा, बेल वाजली की आतून पळत कुंकू लावून यायची. बोट लाल असायचं दार उघडताना. मी म्हणायचे, अगं, सकाळीच लावावं गं, नवरा काय दाराबाहेर उभा असतो?"

वरदा गाडीला टेकून गल्लीच्या टोकाशी दिसणाऱ्या ट्रेंट नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, परत आत जाऊ. आणि एवढा वेळ तुम्ही बोलू नका."

बाईंना असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

वरदाने सगळ्यांना म्हाताऱ्याच्या खोलीत बसवलं. जयंत, अर्चना, दाराशी उल्का. "आजोबा, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. बॅज लॉकरमध्ये नाही. तो हरवलाय, आणि आळ उल्कावर आलाय. आज पोलीस येणार आहेत तिच्याकडे."

जयंत ताडकन उठला. पण म्हाताऱ्याचा चेहरा त्याच्याआधी बदलला होता.

"हिच्यावर?" तो म्हणाला. "पोरीवर? अरे, मला सांगायचं होतंस."

"बसा, काका," वरदा म्हणाली. "तुम्ही बाबांना जपायला गेलात. त्यांना आधी सांगितलं असतं तर हे एका मिनिटात मिटलं असतं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपासून वाईट बातमी लपवायची पद्धत आहे, तिचंच हे फळ." मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"तू सांग. चुकलीस तर थांबवतो."

"चोराने डबी ठेवली, शाल ठेवली. नेलं काय, तर बॅज आणि नारळ. विकायला निघालेला माणूस नारळ नेत नाही. बॅज आणि नारळ एकत्र कोण नेईल? समुद्रावर पोट असलेल्या घरातला माणूस. समुद्राला काही द्यायचं असेल तर तो नारळाबरोबर देतो. गुरुवारी उल्का नव्हती, काका हॉलवर, अर्चनाकाकू तापात झोपलेल्या. आजोबा एकटे ट्रेंटवर गेले. पँट गुडघ्यापर्यंत नळाने भिजत नाही. नदीत उतरलं की भिजते. ट्रेंट शेवटी समुद्रालाच मिळते."

"पण का?" जयंतचा आवाज चिरकला. "तुम्हाला नको होता तर मला म्हणायचं, बाबा."

"कारण तो त्यांचा नव्हता," वरदा हळूच म्हणाली. "काका, मी बॉयलरचं विचारलं तर आजोबांनी आगवाल्यांना काय प्यायला द्यायचे ते सांगितलं. गॅलीतली भांडी, तांदूळ सांगितला. खालच्या आगीबद्दल एक शब्द नाही. ज्याने कोळसा मारला तो असं बोलत नाही. असं बोलतो तो आगवाल्यांना जेवू घालणारा, भंडाऱ्याच्या हाताखालचा."

अर्चनाने तोंडावर हात ठेवला.

"आणि आजी. त्या बेल वाजली की कुंकू लावायच्या, म्हणजे घरात लावत नव्हत्या. त्यांचं कुंकू दाराबाहेरच्या जगासाठी होतं. त्या गेल्या तेव्हा आजोबांनी त्यांना सवाष्णीचं हिरवं नेसू दिलं नाही, कारण त्या सवाष्ण नव्हत्या. निदान शेवटी तरी खोटं नको, एवढंच त्यांना हवं होतं. नवरा बायकोच्या फोटोला वाकून नमस्कार करत नाही. दीर वहिनीला करतो. वहिनी आईच्या जागी." वरदा थांबली. "आजोबा, तुम्ही बाबल ना?"

वैजयंतीबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. हिरवं लुगडं परत घरी नेताना त्या माणसाला काय काय बोलल्या होत्या, ते सगळं एकेक करून त्यांच्या डोक्यात परत येत होतं.

"त्याचा कोट माझ्या अंगात होता," म्हातारा म्हणाला. "मला हिव भरलं होतं, म्हणून त्यानेच दिलेला. त्याचे कागद खिशात. टॉर्पेडो लागला तेव्हा तो खालून उघडाच वर आला. आगवाले थंडीत टिकत नाहीत. होडीत माझ्या मांडीवर होता. मी कोट काढायला गेलो तर माझे हात पकडून ठेवले त्याने. पुढचं मला आठवत नाही."

जयंतने आईच्या फोटोकडे पाहिलं.

"मी लिव्हरपूलला शुद्धीवर आलो, तोवर गावी तार पोचली होती. मुरलीधर वाचला, बाबल गेला. वहिनीने सत्यनारायण घातला होता, नवरा वाचला म्हणून. मी मुंबईला उतरलो तेव्हा ती तुला कडेवर घेऊन गोदीवर उभी होती. बोटीवरून लोक उतरत होते आणि ती त्याला शोधत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, तरी माझ्या मागे बघत होती." म्हातारा खिडकीकडे वळला. "मग कळलं तिला. रडली नाही. म्हणाली, पोराला बाप आहे असं सगळ्यांना माहीत झालंय, आता मोडू नका. आमचे आईबाप आधीच गेलेले. आम्ही गावी परत गेलो नाही. दोन खोल्या घेतल्या, नेहमी दोन. ती मला भावजी म्हणायची, दार लावलेलं असलं की."

"आणि मला कधीच सांगणार नव्हतात," जयंत म्हणाला.

"तिला शब्द दिला होता. आणि बॅज तू एवढ्या हौसेने आणलास. पण उद्या मेयर माझ्या छातीला त्याचा मान लावणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि तो तिकडे पाण्यात. ते मला जमलं नाही रे. ज्याचं त्याला पोचवलं." तो दाराकडे वळला. "पोरी, मला माहीत नव्हतं गं. हा लॉकर म्हणाला, मला वाटलं डबी न उघडताच ठेवली. तुझी शपथ."

जयंत उठला. म्हाताऱ्याकडे न जाता तो आधी उल्कापाशी गेला आणि हात जोडून उभा राहिला. उल्का म्हणाली, "काका, असं नका करू. आजोबांची औषधाची वेळ झालीय."

रविवारी हॉल भरला होता. म्हातारा पहिल्या रांगेत बसला, पण स्टेजवर गेला नाही. जयंत गेला. त्याने आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगितलं, की हा मान माझे वडील मुरलीधर कुबल यांचा, ते मी वर्षाचा असताना समुद्रात गेले. आणि मला वाढवलं ते माझ्या काकांनी, ते इथे बसले आहेत. लोक उठून उभे राहिले. म्हाताऱ्याने टाळी वाजवली, ती भावासाठी. स्वतःकडे वळलेल्या नजरांपुढे त्याने मान खाली घातली.

मागच्या रांगेत वैजयंतीबाई उभ्या होत्या. समारंभ संपल्यावर त्या त्याच्यापाशी गेल्या. "बाबलभावजी, तुमच्या घरी पाणी मिळेल का?" एवढंच त्यांना सुचलं.

सोमवारी वरदाने संबंधित कचेरीत फोन लावला. बाबल कुबलही त्याच बोटीवर होता, त्यानेही युद्धात तीच नोकरी केली, त्याच्या नावाने अर्ज करायचा आहे. पलीकडची बाई सौम्य होती. बराच वेळ शोधून ती म्हणाली, की त्या नावाचा माणूस समुद्रात मरण पावल्याची नोंद आहे, आणि हा बॅज फक्त हयात व्यक्तीलाच मागता येतो. तिला फार वाईट वाटतं, असंही म्हणाली.

वरदाने ते म्हाताऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं नाही असं आता त्या घरात ठरलं होतं. जयंत तावातावाने म्हणाला, आपण वकील करू, अपील करू.

म्हातारा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "कशाला? त्यांचं काही चुकलेलं नाही. बाबल तेव्हाच गेला."

वैजयंतीबाईंनी त्याची बशी उचलली आणि धुवायला आत घेऊन गेल्या.