समासातल्या दोन ओळी

बाबांनी ताटली पुढे ढकलली ती थेट चहाच्या कपाला जाऊन भिडली आणि सगळा चहा टेबलावरून त्यांच्याच मांडीवर सांडला. ताईने फडकं आणलं, पाय भाजला नाही ना ते पाहिलं. चहा कोमट होता. त्या घरात ताईच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टींत एवढी तरी दया असायची!

“त्याला सांग,” बाबा म्हणाले, “रविवारी तो त्या व्यासपीठावर चढला, तर मला मुलगा नव्हताच असं मी समजेन.”

दिवसभर छापखान्यात औषधांच्या पाकिटातल्या चिठोऱ्यांची मुद्रितं तपासून ताईचे डोळे चुरचुरत होते. आता या वयात बापलेकांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडचे फटके झेलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं... पण ते काम दुसरं कोण करणार? बाबा त्या वस्तीतल्या चर्चचे निवृत्त पाळक. काचबिंदूने त्यांचे डोळे नेले, तरी शब्दाचा दरारा तसाच होता. आणि धाकटा, तिचा पाठचा भाऊ, पवित्र शास्त्राच्या जुन्या हस्तलिखितांचा प्राध्यापक. कुठली ओळ कोणत्या प्रतीत आहे, कोणत्या प्रतीत नाही, कुणी कधी बदलली, यातच त्याचे केस पांढरे झालेले. बाबांच्या मते तो देवाच्या वचनाला कात्री लावत होता. धाकट्याच्या मते तो फक्त धूळ पुसत होता. या भांडणात आजवर कप-बश्या ताईच्या फुटल्या होत्या.

नव्या पाळकांनी धाकट्याला रविवारच्या उपासनेत बोलायला बोलावलं होतं. चर्चच्या चिटणिसांनी ही बातमी तिखटमीठ लावून फोनवर बाबांना कळवली होती. प्रेषित पौलाच्या पत्रातल्या दोन ओळी पौलाच्या नाहीतच, कुणीतरी मागाहून घुसडल्या, असं तो सांगणार म्हणे.

“कोणत्या ओळी, बाबा?” ताईने ओलं फडकं पिळत सहज विचारलं.

ज्यांना पवित्र शास्त्रातली कुठलीही ओळ झोपेतून उठवून विचारावी, ते बाबा तोंड फिरवून बसले. विचारायची गरजच नव्हती. साऱ्या शास्त्रातल्या त्या दोनच ओळी तिच्या आयुष्यावरून गेल्या होत्या!

स्त्रियांनी सभेत बोलू नये, गप्प राहावं, काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं, अशा अर्थाच्या त्या ओळी. तरुणपणी ताईला धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात जागा मिळाली होती. ग्रीक शिकायचं, मूळ भाषेत वाचायचं, आणि एक दिवस व्यासपीठावर उभं राहून लोकांना त्याचा अर्थ सांगायचा, एवढंच तिचं स्वप्न होतं. ज्या संध्याकाळी तिने बाबांना ते सांगितलं, त्या संध्याकाळी बाबांनी पुस्तक उघडलं, त्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि पुस्तक मिटलं. तिने ब्रही काढला नाही. देवाशी वाद घालायचा नसतो, असं तिला बाबांनीच शिकवलं होतं ना! पुढे धाकट्याला त्याच महाविद्यालयात पाठवलं गेलं. त्याची फी तिच्या पगारातून गेली, त्याचे शर्ट तिच्या हातून इस्त्री झाले, आणि तिला पाहायला आलेली दोन चांगली माणसं ‘बाबांकडे कोण पाहील’ या एका प्रश्नापाशी परत फिरली. लोक तिला त्यागाची मूर्ती म्हणत. मूर्तीला पाठदुखी नसते, ही तिची नेहमीची थट्टा.

शनिवारी धाकटा आला तो बाबांच्या खोलीकडे न वळता थेट स्वयंपाकघरात. ताई भाजी चिरत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की काय बोलणार आहेस ते आधी मला सांग.

त्याने जपून जपून सांगितलं. काही जुन्या प्रतींत त्या ओळी या ठिकाणी नाहीत, अध्यायाच्या शेवटी आहेत. त्याच पत्रात आधी पौल स्त्रियांनी सभेत प्रार्थना कशी करावी, संदेश कसा द्यावा ते सांगतो. मग तोच माणूस पुढे त्यांना गप्प बसा कसं म्हणेल? म्हणून काही अभ्यासकांना वाटतं, की कुणा वाचकाने समासात आपलं मत लिहून ठेवलं असेल आणि पुढच्या नकलाकाराने ते मजकुराचाच भाग समजून आत घेतलं असेल. सगळ्यांना हे पटत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

ताईला ते समजायला जड गेलं नाही. छापखान्यात एकदा बागकामाचं पुस्तक आलं होतं. लेखकाने स्वतःसाठी समासात लिहून ठेवलेलं ‘गुलाबाच्या खताचं तात्यांना विचारावं’ हे वाक्य खिळे लावणाऱ्या कामगाराने बिनदिक्कत मजकुरात जुळवलं. पुस्तक तसंच छापलं गेलं, आणि कित्येक महिने लोक पत्रं पाठवून तात्यांचा पत्ता विचारत होते. सगळा छापखाना पोट धरधरून हसला होता, तीही हसली होती. आज तिला हसू येईना. कुणा अनोळखी माणसाने कुठल्याशा कोपऱ्यात खरडलेल्या दोन ओळी... आणि त्यांच्यापायी एक अख्खा जन्म!

“तुला हे कधीपासून माहीत आहे?” तिने विचारलं.

धाकटा खिडकीबाहेर पाहू लागला. “दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं आम्हाला.”

“दुसऱ्या वर्षी... म्हणजे मी तुझी फी भरत होते तेव्हा.”

“ताई, तुला सांगून काय झालं असतं? तुझं गेलेलं परत आलं असतं का? उगाच तुझ्या जिवाला घोर. मला वाटलं, निदान देवासाठी सोडलं एवढं समाधान तरी तुझ्याजवळ राहू दे.”

ताईने सुरी खाली ठेवली. रागावण्याइतकीही ताकद तिच्या आवाजात नव्हती.

“बाबांनी मला बोलू दिलं नाही, आणि तू मला कळू दिलं नाहीस. माझ्या भल्याचं दोघांनी मिळून ठरवलंत, बाळा. मला कुणी विचारलं?”

तिने लहानपणापासून त्याला बाळा म्हणूनच हाक मारली होती. त्या हाकेने तो पांढऱ्या केसांचा प्राध्यापक लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. उद्याचं बोलणं रद्द करतो, म्हणाला. ताईने मान हलवली आणि त्याचा हात धरून त्याला बाबांच्या खोलीत घेऊन गेली.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. पावलं ओळखून म्हणाले, “कुणाला आणलंस ते कळतंय मला.”

“बाबा, त्या ओळी कुणाच्या ते तुम्ही दोघं सावकाश भांडून ठरवा,” ताई म्हणाली. “मला एकच सांगा. त्या संध्याकाळी मला जाऊ द्यायचं नाही हे तुम्ही पुस्तक उघडण्याआधी ठरवलं होतं, की ओळी वाचल्यावर?”

बाबांच्या दृष्टिहीन डोळ्यांच्या कडा भरून आल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुठल्याही पंडिताने विचारला नव्हता. धाकट्याला वाटलं, आता ते ओरडतील. पण त्यांचा आवाज फुटला तो अगदी क्षीण.

“आधी,” ते म्हणाले. “आधीच ठरवलं होतं. ओळी नंतर शोधल्या... तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, पोरी. संध्याकाळी घरी यावं आणि घरात दिवा लावणारं कुणी नसावं, याची मला भीती वाटत होती. तू गेली असतीस तर मी मोडलो असतो. पण मुलीला असं कसं म्हणायचं? लाज वाटली. म्हणून मी ते पौलाच्या नावावर खपवलं.”

ताई पलंगाच्या कडेवर बसली. ‘घाबरलोय, थांब,’ एवढं म्हणाले असते, तरी ती थांबली असती! प्रेमाने थांबली असती, आणि मग कदाचित दोन वर्षांनी गेलीही असती. तिला बाबांची कीव आली, स्वतःची आली, आणि या सगळ्या उशिराचा भयंकर शीण आला. बाबांचा हात हवेत तिला चाचपडत होता. तिने तो लगेच धरला नाही. मग धरला. त्यांनी तो आपल्या कपाळाला लावला आणि क्षमा मागितली. शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण तिला ते कळले. धाकटा खाली जमिनीवर बसला होता. बाबांनी दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, “उद्या बोल तू. फक्त त्याआधी तो अध्याय हिला वाचू दे.”

रविवारी कुजबुज व्हायची ती झालीच. त्या चर्चमध्ये बाईमाणसाने व्यासपीठावरून कधी वाचलं नव्हतं, आणि तो नियमही बाबांचाच होता. चिटणीस पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. ताई पायऱ्या चढली. पुस्तक उघडून पान काढलं. तिने अध्याय सावकाश वाचला. त्या दोन ओळी आल्या तेव्हा धाकट्याने श्वास रोखला. तिने त्या गाळल्या नाहीत, त्यांच्यावर जोरही दिला नाही. शेजारच्या ओळींसारख्याच वाचल्या आणि पुढे गेली. कुणाच्याही असोत, आता त्यांच्याशी तिचं भांडण नव्हतं.

वाचन संपलं. आता लोकांनी ‘आमेन’ म्हणायचं... पण कुणी म्हणेना. माणसं चिटणिसांकडे पाहत होती आणि चिटणीस आपल्या बुटांकडे. ताई तशीच उभी राहिली. तेवढ्यात बाकाला धरून बाबा उठले. आयुष्यभर व्यासपीठावरून त्यांनीच वाचलं होतं आणि लोकांनी उत्तर दिलं होतं. खाली उभं राहून उत्तर देण्याची त्यांना सवय नव्हती.

“आमेन,” ते मोठ्याने म्हणाले. आणि मागोमाग सारं चर्च म्हणालं.

ताई खाली उतरून त्यांच्या शेजारी बसली. तिचे गुडघे दुखत होते. बाबा तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “किती छान वाचतेस गं तू. मला माहीतच नव्हतं.”

“हो, बाबा,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.