शेंदराखालचे दात

"कोमल, तू रडून राहिली का विचार करून राहिली?" स्वप्निलने विचारलं.

"दोन्ही. तू गप बस."

कनेरगाव नाक्यावर या बहीणभावांच्या बाबांचा, रामकिशन यांचा, ढाबा होता. तिथे भर गिऱ्हाइकांसमोर गावोगाव जीवाश्म दाखवत फिरणाऱ्या प्रदर्शनाच्या गाडीचे माणिकरावसाहेब परत येऊन ओरडत होते, "जबडा इथेच चोरीला गेलाय. दुपारपर्यंत मिळाला नाही तर पोलिसांत जातो!" बाबा झारा खाली ठेवून नुसते उभे होते. गिऱ्हाइकाचा विसरलेला रुमालसुद्धा जपून परत देणारा माणूस, आणि त्याला चोर म्हणतात!

जबडा होता मोसासॉरचा. डायनोसॉरच्या काळी समुद्रावर राज्य करणारा हा सरपटणारा प्राणी एसटीपेक्षाही लांब वाढायचा. परवा संध्याकाळी गाडी इथे पंक्चर झाली, तेव्हा साहेबांनीच मोठ्या हौसेने त्याच्या जबड्याचा दगड झालेला तुकडा पेटीतून काढून मुलांना दाखवला होता. "बघा, कडेला दातांची एक रांग आणि टाळूला दुसरी. तोंडात आलेली शिकार निसटायची सोयच नाही." मग गरम भजी आली आणि साहेबांचं शिकवणं भज्यांत बुडालं.

"जबडा पेटीत परत ठेवताना तू पाहिलं का?" कोमलने विचारलं.

"मी भजी पाहत होतो," स्वप्निलने खरं ते सांगून टाकलं.

तेवढ्यात शितल आली. ती शेजारच्या तांड्यावरची, सुट्टीतली त्यांची नेहमीची भिडू. "चला प्रसाद खायला. तांड्याच्या वाटेवर लिंबाखाली आजीनं नवा देव बसवला. लय कडक हाय. दाताच्या आत अजून दात हायेत त्याला."

"टाळूवरची दुसरी रांग!" कोमल ओरडली. मग तिघं सुटली ती थेट लिंबाखाली. तिथे शेंदूर फासलेला, हार घातलेला मोसासॉर बसला होता. शेजारी शितलची आजी बेबीबाई उदबत्ती लावत होती.

"आजी, हा कुठं सापडला?" कोमलने विचारलं.

"नाक्यावर, रस्त्याच्या कडेला. अंगावर चाकाचा काळा वण व्हता. धुतला तरी गेला न्हाई. देव असो का दगड, गाडीखाली आलेल्याला रस्त्यात टाकून जायचं व्हय?"

स्वप्निल ढाब्याकडे पळणार तोच कोमलने त्याची कॉलर धरली. "थांब. साहेब म्हणतील, बाबांनीच लपवला आन् वरून शेंदूर फासला. आधी गाडीचा ड्रायव्हर बोलला पायजे."

ड्रायव्हर भीमराज साहेबांशेजारीच चहा पीत होता. कोमल भोळा चेहरा करून म्हणाली, "काका, चाक बदलताना गाडी सरकू नये म्हून तुमी काय करता?"

"दुसऱ्या चाकाला दगड लावायचा. परवा आमीबी लावला की."

"कुठून आणला?"

"आणतो काहून? गाडीपाशीच पडला व्हता. अंधारून आलं व्हतं, पर हाताला बराबर लागला. खडबडीत, दातेरी, जागचा हलला न्हाई..." भीमराज बोलता बोलता थांबला. बशीतला चहा पँटवर सांडला.

"तो पेटीतून काढून गाडीपाशी कोणी ठेवला होता, साहेब?" कोमलने हळूच विचारलं.

"भजी आली, तेव्हा मीच..." साहेबांनी कपाळावर हात मारला. कोमलने सगळ्यांना लिंबाखाली नेलं. जबडा दिसताच साहेब झेपावले, पण बेबीबाई आडवी उभी राहिली.

"अहो बाई, हा देव नाही. समुद्रातला प्राणी आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा."

"एवढा जुना, आन् तुमी त्याला रस्त्यात ठेवला? घेऊन जा, लेकरांना दाखवा. पर चप्पल काढा आन् डोक्यावर घ्या. आन् चार माणसांत त्या रामकिशनला चोर म्हणले ना, आता त्याच चार माणसांत माफी मागा."

अनवाणी साहेब डोक्यावर मोसासॉर घेऊन निघाले, मागे सगळा तांडा. शेंदराचे ओघळ साहेबांच्या नाकापर्यंत आले होते. ढाब्यावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "चूक माझी होती. रामकिशन, मला माफ करा. तुमच्या लेकीने माझीही अब्रू वाचवली."

बाबांनी कोमलच्या डोक्यावर हात ठेवला. "माझं पोरगं हुशार हाय, हे मला ठाऊक व्हतं. एवढं, हे आज कळलं." मग त्यांनी झारा उचलला.

"बसा साहेब, गरम भजी काढतो. पर आधी जबडा पेटीत ठेवा."