डावखुरी रेघ

वेंडेलचा उजवा हात पक्षाघाताने गेला आणि तो आमच्या चित्रं काढायच्या कोठाराकडे फिरकेनासा झाला. लाँग आयलंडच्या टोकाला आमचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून खाडीकडे बघायचा, एवढंच. मी मात्र हट्टाने कोठारात जमिनीवर नवा कॅनव्हास पसरून ठेवला होता. घास मी भरवीन, पण रंगांवाचून माझा नवरा झिजून जाईल, ही धास्ती मला खात होती.

एका सकाळी झाडायला गेले तर कॅनव्हासवर काळी रेघ. ओली. मी आधी छप्पर पाहिलं, मग डबे. दारं-खिडक्यांना लावायचा तो एनॅमल रंग. एकूणएक डब्यावर साय धरलेली, कुठेच फुटलेली नाही. मांजरावर संशय घेतला, पण मांजर काही अशी लांबलचक रेघ ओढत नाही. दुसऱ्या दिवशी रेघा वाढल्या. मग शिंतोडे, मग पांढऱ्या धारा. मी कुलूप लावलं. तरी वाढतच राहिल्या.

शेजारची सिग्रिडही आमच्या दोघांसारखीच रंग ओतून चित्रं काढणारी. शिंपल्यांचं सूप घेऊन आली तेव्हा तिला दाखवलं.

"चोरून रंगवतेस होय गं?" ती हसली. मग कॅनव्हासभोवती फिरली आणि तिचं हसणं थांबलं. आम्ही ब्रश टेकवत नाही, वरून धार सोडतो. हात वळतो तिथे रंग साचतो, त्यावरून हात ओळखता येतो.

"एड्ना, हा डावखुरा आहे," ती म्हणाली. "सवय नसलेला. पण धार बघ. ती वेंडेलचीच."

मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. तशीच जाऊन मी वेंडेलला धरून आणलं. कुरकुरत आला, दारातच थबकला.

"कुणी केलं हे?"

"तूच सांग."

बराच वेळ पाहून त्याने डावा हात पुढे केला. मी काळ्या डब्यावरची साय फोडून काठी दिली.

पहिली धार थरथरत सुटली. मग हात सैलावला. तो कॅनव्हासभोवती लंगडत फिरू लागला, तोंडातल्या तोंडात गुणगुणत. मला रडू आवरेना.

मग मी खाली पाहिलं.

प्रत्येक धार आधीच्याच एका रेघेवर पडत होती. बरोब्बर.

"आता पांढरा दे," वेंडेल म्हणाला.

काळा डबा तळाला गेला होता. कॅनव्हासवर मात्र आधीच्या रेघांपलीकडे एक थेंबही वाढला नव्हता.