अधिक म्हणताना हात वर

१० नोव्हेंबर १९७५, सोमवार. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी फुलंब्रीहून औरंगाबादकडे निघालेल्या एसटीत एकसष्ट प्रवासी होते आणि रिकामी जागा एकच होती. तिच्यावरही एक लाकडी चौकट ऐसपैस बसली होती. चौकटीचे दोन कोपरे उंच, दोन खाली, आणि मध्ये ताणून बांधलेल्या सुतळ्या.

चौकटीच्या मालकाने ती उचलून मांडीवर घेतली, तेव्हा कुठे द्वारका बोर्डेला टेकायला मिळाले.

"खोगीर आहे का?" तिने विचारले.

"छप्पर आहे. काँक्रीटचं, पाच सेंटिमीटर जाडीचं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात बांधतोय. माझं संशोधन आहे ते."

औरंगाबादेत उस्मानपुऱ्यात मामांकडे राहून द्वारका एका कॉलेजात गणित शिकवत होती आणि अशाच वक्र पृष्ठभागांवर प्रबंध लिहीत होती. त्यांच्याखाली कधी कुणी उभे राहील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते.

"यावर सरळ रेषा किती आहेत, ठाऊक आहे?"

"मी ओवल्या तेवढ्या. अठ्ठेचाळीस."

"अनंत आहेत."

"मग सुतळी पुरायची नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

तिने हसू लपवायला खिडकीकडे तोंड फिरवले... आणि काचेत पाहिले तर तोही हसत होता. मग ती समजावू लागली. अधिक म्हणताना तिचा तळवा हलकेच वर जाई, उणे म्हणताना खाली. उतरताना नावे विचारली गेली. त्याचे नाव बद्रीनाथ तुपे. मागच्या बाकावरची म्हातारी पदर सावरत म्हणाली, "बद्रीनाथ आन् द्वारका... दोन धामं एकाच शिटावर. आमचं तिकीट फिटलं बाई."

पुढचे चार महिने समीकरणांचे होते. छत कुठे खालून ताणले जाईल आणि कुठे वरून, हे एवढ्या पातळ कवचात नजरेला उमगत नाही. खालून ताण तिथे सळई खालच्या अंगाला, वरून ताण तिथे वरच्या अंगाला. सळई भलत्या अंगाला पडली तर काँक्रीट फाटते. द्वारकेने समीकरणे सोडवून अधिक-उण्याचा तक्ता करून दिला, त्यावरून बद्रीनाथने सळया बांधल्या आणि काँक्रीट ओतले. आत काय आहे, ते आता कुणालाच दिसणार नव्हते.

"उद्या टेकू काढायचे," एका संध्याकाळी कँटीनमध्ये तो म्हणाला. "गयास मिस्त्रींचा रिवाज आहे. ज्यानं हिशोब केला, त्यानं छताखाली उभं राहायचं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण मध्यभाग जेमतेम तीन मिलिमीटर उतरेल. अधिक तीन."

"उतरेल, आणि अधिक?"

"आम्हा इंजिनिअरांचं उलटंच असतं. खाली जाईल ते अधिक."

ती हसली आणि कपातला उरलेला चहा पिऊन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात फळ्यावर अक्ष काढताना तिचा खडू थांबला. बाण वर, अधिक. तिचा बाण नेहमीच वर असे. तक्त्यातही तसाच होता, आणि तसे लिहावे हे तिला सुचलेही नव्हते. गणितात वर म्हणजे अधिक, हे का कुणी लिहितो? त्याने मात्र तो तक्ता आपल्या रीतीने वाचला असेल तर... तर छतातली प्रत्येक सळई चुकीच्या अंगाला होती.

हातातल्या खडूसकट ती बाहेर पडली. भर उन्हात ती धावत सुटली. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकाशीच पाचरींवर पडणारे हातोड्याचे घाव ऐकू आले.

"थांबा! गयासभाई, थांबा..."

"आता नाय थांबता येत, बाईसाब," गयास मिस्त्री शांतपणे म्हणाले. "मधले चारच टेकू ऱ्हायलेत. निघालेले परत ठोकले तर उलटा रेटा बसंल. तुमी लांब व्हा."

छताच्या बरोबर मध्याखाली बद्रीनाथ उभा होता. द्वारका वाकून आत शिरली.

"बाहेर चला. माझ्या तक्त्यात वर म्हणजे अधिक आहे. मी सांगितलंच नाही..."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक होता. "मी सगळी चिन्हं बदलून घेतली."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या हातानं. त्या एसटीत अधिक म्हणताना तुम्ही हात वर नेलात."

एक टेकू निघाला. डोक्यावर कुठेतरी बारीकसे कुरकुरले.

"एवढ्यावर छत बांधलंत? मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर... मी सारखा तुमच्या हाताकडे पाहतो, हे सांगावं लागलं असतं."

दुसरा निघाला. ती कुजबुजली, "आणि मी त्या दिवशी उगाच हात हलवला असेल तर?"

"रोज हलवता. काल चहात साखर अधिक हवी म्हणालात, तेव्हासुद्धा."

तिसरा निघाला. धुळीची एक रेघ दोघांच्या मध्ये सांडली.

"द्वारका, तू जा आता. काम माझं आहे."

तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला होता. तिने खडू टाकला आणि त्याचा हात धरला.

"हिशोब माझा आहे, मी इथंच उभी राहणार. छत राहिलं तर उद्या मामांना भेटायला ये."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर मामांना विचारायची गरज नाही."

"लई झालं बोलणं," बाहेरून गयास मिस्त्री म्हणाले. "शेवटचा काढतो. बिस्मिल्ला."

घाव पडला. पाचर निसटली, टेकू आडवा झाला. तिने डोळे गच्च मिटले. छत खोल कण्हले... आणि गप्प झाले. मग मध्याखाली तिपाईवर लावलेल्या मापकावरचा काटा पाहायला बद्रीनाथ वाकला. हात न सोडताच वाकला, त्यामुळे तिलाही वाकावे लागले.

"बघ," तो म्हणाला. "माझ्याकडून अधिक, तुझ्याकडून उणे."

तीन मिलिमीटर.