जयराज सरांचा पसारा

"मॅडम, माझी द्राक्षं कुठं गेली?"

अक्षतानं पुस्तकांच्या ढिगातून मान वर केली. समोर शर्टावर खडूचे डाग पडलेला, केस विस्कटलेला एक उंच तरुण उभा होता. चेहरा असा, की जणू कुणी त्याची बागच रात्रीतून तोडून नेली होती.

"द्राक्षं? हे ग्रंथालय आहे."

"कॉम्प्युटरमधली हो! क्रिकेटच्या खाली आणि वेल्डिंगच्या वर... कालपर्यंत तिथंच होती."

आत्ता तिच्या लक्षात आलं. मेकॅनिकलचे जयराज सर ते हेच तर!

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. सांगलीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात इंटरनेट असलेला एकच कॉम्प्युटर होता, आणि तो ग्रंथालयात होता. चांगलं पान सापडलं की लोक त्याचा पत्ता बुकमार्क करून ठेवत, म्हणजे पुढच्या वेळी शोधायला नको. सगळेच ठेवत, पण जयराज सरांनी ऊस, इंजिन, क्रिकेट, द्राक्षांचे रोग, जपानी पूल असं दिसेल ते ठेवून दिलं होतं. यादी उघडली की तिच्या तळाशी जाऊन पोचेपर्यंत माऊस धरलेलं बोट दुखायला लागे.

अक्षता मागच्या दिवाळीनंतर सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झाली होती. जागेवर नसलेली वस्तू दिसली की तिला जेवण जात नसे. तिनं दुपारच्या सुट्ट्या खर्ची घालून सगळे बुकमार्क फोल्डरांत लावून टाकले होते.

"'शेती' उघडा. त्यात 'फळं'. त्यात द्राक्षं."

"एवढी दारं ओलांडायची? आधी मला डोळे मिटून सापडायची."

"डोळे मिटूनच ठेवली होती, ते दिसतच होतं," ती पटकन बोलून गेली. मग जीभ चावली.

तो तिच्याकडे बघत राहिला... आणि हसला. आधी डोळे हसले, मग बाकीचा चेहरा. अक्षतानं उगाच एक रजिस्टर उघडलं आणि उलटं धरलं.

त्या दिवसापासून चार वाजले की सर हजर. रोज नवं पान, रोज नवा वाद.

"हे ऊस तोडायचं यंत्र. कुठं ठेवू — शेतीत की यंत्रांत?"

"दोन्हीकडं ठेवा."

"दोन्हीकडं? एकाच वेळी दोन घरं? आमच्या उंब्रजला अशा माणसाला काय म्हणतात, माहितीय?"

'शांतता राखा' या पाटीखाली बसून अक्षता ओढणीच्या टोकात हसू कोंबत राही. त्याला फोल्डर कळत नव्हते, असं नाही... त्याला ते तिच्याकडून समजून घ्यायचे होते. हे ग्रंथालयातल्या शिपायालाही कळलं होतं. अक्षताला मात्र खात्री हवी होती, आणि खात्रीचा शब्द काही तो बोलत नव्हता.

मार्चात साताऱ्याच्या एका कॉलेजाला ही यादी हवी झाली. फ्लॉपीवर उतरवून न्यायची, त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवायची आणि सगळ्या शिक्षकांना वापरून दाखवायची. प्राचार्यांनी दोघांनाही पाठवलं.

सकाळची एसटी. अक्षताच्या मांडीवर नवी कोरी पर्स, पर्समध्ये फ्लॉपी. पर्सचं झाकण आपलं आपण 'टक' करून मिटायचं, त्याचं तिला कोण कौतुक! कऱ्हाड मागं पडलं, तसं तिनं मनाशी ठरवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"रविवारी आमच्या घरी, आष्ट्याला, पाहुणे येणार आहेत. खंडाळ्याचे... मला बघायला."

जयराज खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत होता.

"अरे वा," तो म्हणाला. "छान."

छान! अक्षताला वाटलं, ही पर्स याच्या डोक्यात घालावी. पण मग तिनं पाहिलं — तो हातातल्या शेंगा टरफलांसकट चावत होता.

साताऱ्यात सगळा शिक्षकवर्ग खुर्च्या ओढून कॉम्प्युटरभोवती बसला. फ्लॉपी आत गेली. करकर झाली. पडद्यावर आलं, की फ्लॉपी वाचता येत नाही. पुन्हा घातली, पुन्हा तेच. तिथल्या एका शिक्षकानं पर्सकडे बोट दाखवलं. "हिच्या झाकणात लोहचुंबक आहे की! त्यानं फ्लॉपी पुसली जाते."

अक्षताचे कान तापले. मूळ यादी सांगलीत शाबूत होती, पण आत्ता इथं काय दाखवायचं? तिथले प्राचार्य घड्याळ बघायला लागले. ती बोलायला उठणार, तोच—

"चूक माझी, सर," जयराज म्हणाला. "सकाळी मी ती स्पीकरवर ठेवली होती."

"अहो, खोटं—"

"गप बसा हो," तो पुटपुटला. मग मोठ्यानं, "मॅडम, तुम्ही फोल्डर करा. पत्ते मी सांगतो."

तिनं 'शेती' केलं, त्यात 'फळं' केलं. त्यानं डोळे मिटले. "क्रिकेटच्या खाली... हां, घ्या." आणि टिंब, तिरकी रेघ, नागमोडी रेघ यांसकट लांबलचक पत्ता म्हणून दाखवला. तिनं टाइप केला. मोडेम कण्हलं, कुंथलं आणि पडद्यावर हळूहळू द्राक्षांचा घड उतरला. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती विषय सांगत गेली, तो पत्ते सांगत गेला. तो अडला की ती त्या पानावर काय होतं ते आठवून द्यायची. सगळी यादी काही झाली नाही, पण प्राचार्यांनी चहा मागवला.

"उरलेली टपालानं पाठवा," ते म्हणाले. "पर्समधून नको."

परतीच्या गाडीत अक्षतानं विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुमचं तोंड रडवेलं झालं होतं. मला ते... बघवत न्हाई."

गडबडला की जयराजची भाषा उंब्रजला जायची. आणि थोड्या वेळानं गाडीही खरंच उंब्रजला थांबली. खिडकीशी झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ किटली घेऊन उभे होते. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार राजाराम — त्याचे वडील.

"ही काकवी घे. आन् काय रं, ह्याच का त्या मॅडम?"

"आबा, हळू..."

"फोनवर रोज निस्तं मॅडम असं म्हनल्या, मॅडम तसं म्हनल्या. तुजी आई म्हनली, आज साताऱ्यासनं परत येनार हाईत, एकदा बघून तर या." ते अक्षताकडे वळले. "पोरी, ह्यानं तुला काय इचारलं का न्हाई?"

"न्हाई," अक्षता बोलून गेली.

"न्हाई! इतकं दिस पोस्टिंगवर हाय आन् रिपोर्ट निल!"

अख्खी गाडी तिकडं झुकली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीवर हात ठेवला. "सुभेदार, सोडू का गाडी?"

"थांब गड्या. जवान बोलतोय."

जयराज ताडकन उठला. वरच्या रॅकवर डोकं आपटलं, तसाच डोकं चोळत उभा राहिला.

"मॅडम... अक्षता... तुमी मला आवडता. लय. सकाळी 'छान' म्हनलो, ते खोटं होतं. अजिबात छान न्हाई. खंडाळ्याच्या लोकांना... म्हंजे, तुमची हरकत नसंल तर..."

मागच्या बाकावरचं पोरसुद्धा रडायचं थांबलं होतं.

अक्षतानं ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"त्यांना आजच फोन करून नको म्हणून सांगते," ती म्हणाली. "पण आईनं पडदे धुतलेत, शेजारून चांगल्या बश्या आणून ठेवल्यात. कुणी आलंच नाही, तर तिला वाईट वाटेल... तुमी येता का, रविवारी?"

जयराजनं दोनदा मान डोलावली.

"किती वाजता?" सुभेदारांनी विचारलं.

घंटी वाजली, गाडी हलली. खिडकीतून आत आलेली काकवीची किटली दोघांच्या मध्ये होती आणि तिचं झाकण सैल होतं. म्हणून त्यानं ते एका बाजूनं दाबलं, तिनं दुसऱ्या बाजूनं. खड्ड्यागणिक काकवी बोटांवर येत होती, बोटं बोटांना चिकटत होती. कऱ्हाडला बाजूची जागा रिकामी झाली, किटली ठेवायला ऐसपैस जागा झाली... पण हात कुणीच काढला नाही.