रुमालाखालचा सौदा

सौदीतल्या अल खर्जचा शेळीबाजार असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर रंगात येतो. धूळ, लेंड्या, तापलेल्या टायरांचा वास आणि पिकअपच्या फाळक्यांना बांधलेली जनावरं. मी एका मळ्यावर शेळ्या राखतो. त्या दिवशी माझे स्वतःचे दोन बोकड घेऊन गेलो होतो. माझ्या खोलीतला सदानंद तापानं पडला होता. दवाखान्याचं औषधसुद्धा पोटात ठरत नव्हतं. आमच्या गावी अशा माणसाला शेळीचं दूध देतात. बोकडांच्या बदल्यात मला दुभती शेळी हवी होती.

सोबत डेअरीवरचा ओवेन होता. आयर्लंडचा, माझ्याच वयाचा. त्याच्या आजोबांच्या गावातही बाजारात अशी अदलाबदल चाले. सौदा अडला की कुणी तिसराच पुढे होई आणि घेणाऱ्या-देणाऱ्याचे हात धरून एकमेकांवर आपटवी.

"एकदा हात लागला की माघार नाही," ओवेन म्हणाला.

शेळी महाडच्या नसरुद्दीनकडे मिळाली.

"हारूनभाई, बोकड आणलेस की मांजरं?"

"तुझ्या शेळीपेक्षा वजनदार आहेत."

आपल्याकडच्या रीतीनं आम्ही रुमालाखाली हात घातले. बोलायचं नाही, बोटं धरायची. त्यानं माझी दोन बोटं धरली. दोन बोकड.

मग तिसरं बोटही धरलं गेलं. त्या उन्हात ती पकड थंड होती, ओलसर.

तिसरं जनावर माझ्याकडे नव्हतं. पण शेळीची कास भरलेली दिसत होती. पुढं बघू म्हणून मी बोट दाबून होकार दिला.

नसरुद्दीननं रुमाल ओढला. "दोन बोकड. खलास."

"तीन धरलीस ना?"

"ऊन लागलं काय तुला? तिसरा आहे कुठं तुझ्याकडे?"

ओवेन हसला नाही. "रुमालाखाली तीन हात हलत होते," एवढंच म्हणाला.

खोलीवर पोचताच मी धार काढली. सदानंदनं उठून पेला रिकामा केला. दूध पोटात ठरलं.

"बरं वाटतंय, भाई. पण मघाशी असं का केलंत?"

"कधी?"

"असरनंतर. आलात, माझं तोंड उघडून दात बघितलेत, आणि गेलात."

घामानं भिजलेला त्याचा बनियन बदलायला वर सरकवला.

मानेपासून कमरेपर्यंत हिरवा पट्टा ओढलेला होता. विकलेल्या जनावराच्या पाठीवर ओढतात तसा.

रंग अजून ओला होता.